बुटाच्या खोक्यातली रॉकेटं - पाकीट फोडू का तसंच ठेवू?

उडाणटप्पू

मंडळी राम राम, एरवी मी इथे नुसता वाचत असतो पण आज लिहायला बसलोय कारण घरात तीन पार्ट्या पडल्यात आणि मला बाहेरचं मत पाहिजे.

तर झालं असं की गेल्या शनिवारी इथे डेन्व्हरच्या जवळ एका घरात इस्टेट सेल होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हातारं माणूस गेलं की पोरं घर विकायच्या आधी सगळं सामान मांडून ठेवतात, कपबश्यांपासून हातोडीपर्यंत, आणि आपण जाऊन उचकापाचक करायची. बायको म्हणत होती नको जाऊस, आपलं गॅरेज आधीच भंगारवाल्याचं दुकान झालंय. गेलो. तळघरात शेल्फच्या मागे बुटाचं एक मोठं खोकं सापडलं, सुतळीने बांधलेलं. उघडलं तर आत रॉकेटं! म्हणजे मॉडेल रॉकेटं, एस्टेस कंपनीची, जुनी. ४० डॉलर सांगितले, मी घासाघीस पण केली नाही, गप पैसे दिले आणि पळालो.

आत काय काय निघालं ते सांगतो: एस्टेसचे चार कॅटलॉग, सगळे साठच्या दशकातले, कडा उंदराने थोड्या खाल्लेल्या. एक बिग बर्था नावाचं रॉकेट, पूर्ण बांधलेली, काळा रंग, एक फिन (मागचा पंख) जरा वेगळीच दिसते. लाँच पॅडची सळई. सातआठ मोटरी (दारू भरलेल्या कागदी नळ्या, त्यांच्यावर रॉकेट उडतं), काही वापरलेल्या काही कोऱ्या. एक वही, शाळेची, ज्यात कोणीतरी पोराने प्रत्येक उड्डाण लिहून ठेवलंय. आणि सगळ्यात खाली ऑर्बिटल ट्रान्सपोर्ट नावाच्या रॉकेटचं किट, म्हणजे बांधायचे सुटे भाग, प्लॅस्टिकची पिशवी, वर पुठ्ठ्याचं लेबल स्टेपल केलेलं, न फोडलेलं.

आता प्रश्न. मुलगा (वय ११) म्हणतो बाबा बांधू आणि उडवू. बायको म्हणते वीक, जे येतील त्यात सोफा घेऊ. मला वाटतं तसंच काचेच्या कपाटात ठेवावं. तुम्ही काय कराल?

बाणेरकर

भारी खजिना! पण मला एक कळत नाही, हे म्हणजे दिवाळीतला बाणच ना? बाटलीत ठेवायचा, वात पेटवायची, सुंई करून जातो आणि जोश्यांच्या गच्चीवर पडतो. त्यात जमवण्यासारखं काय आहे? खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.

उडाणटप्पू

@बाणेरकर, आयडीला जागलात 🙂 पण तुमचा प्रश्न अगदी नेमक्या जागी बसतो, कारण हा छंद खरंच फटाक्यांतूनच निघालाय. आणि तो काढला कोणी, तर एका बुटाच्या दुकानदाराने! म्हणून तर मी ते खोकं बघून तिथेच हसलो होतो.

नेब्रास्कात नॉरफोक म्हणून गाव आहे, तिथे ऑरव्हिल कार्लाइल नावाचा माणूस बुटाचं दुकान चालवायचा आणि त्याला फटाक्यांचा जबर नाद. त्याचा भाऊ रॉबर्ट, त्याला मॉडेल विमानांचा नाद. रॉबर्टला रॉकेट कसं उडतं हे भाषणात दाखवायला काहीतरी चालणारं पाहिजे होतं, म्हणून १९५४ मध्ये दोघांनी मिळून एक छोटं रॉकेट केलं, नाव ठेवलं रॉक-अ-शूट. आता बघा, आपल्या बाणाला लांब काडी असते ना, ती त्याला सरळ ठेवते. यांनी काडी काढली आणि मागे विमानासारखे पंख लावले, कागदाची नळी आणि पुढे बाल्सा लाकडाचं नाक. आणि खरी गंमत पोटात आहे. दारू जळून संपली की थोडा वेळ नुसता धूर सोडणारा हळू जळणारा थर, तेवढ्या वेळात रॉकेट आपल्याच वेगाने वर चढत राहतं, मग एक छोटा फट्ट, त्याने नाक उडतं आणि पॅराशूट बाहेर. रॉकेट खाली तरंगत येतं, जळकी मोटर काढून फेकायची, नवी घालायची, परत उडवायचं.

बाण एकदा गेला की गेला. हे परत येतं. माझ्या मते सगळा छंद या एका कल्पनेवर उभा आहे. पेटंट १९५८ मध्ये मिळालं, त्यात नाव काय तर 'टॉय रॉकेट'.

आता यात दुसरा माणूस येतो, जी. हॅरी स्टाइन. हा न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला मिसाइलच्या चाचण्यांमध्ये इंजिनियर होता. त्या काळात अमेरिकेत गावोगाव पोरं घरच्या तळघरात लोखंडी पाइपात जस्त-गंधक नाहीतर काय मिळेल ते ठासून रॉकेटं करत होती आणि बोटं, डोळे घालवत होती, काही जीवानिशी गेली. स्टाइनने या विषयावर एका मासिकात लेख लिहिला, तो कार्लाइलने वाचला आणि त्याला पत्र टाकलं की बाबा रे माझ्याकडे उत्तर आहे, आणि सोबत नमुने पाठवले. स्टाइनने उडवून बघितले आणि तो पेटलाच. (रॉकेट नाही, माणूस.) हे सगळं १९५७ च्या पूर्वार्धात. आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला रशियाने स्पुटनिक सोडला! अख्ख्या अमेरिकेला एका रात्रीत रॉकेटाचं वेड लागलं. स्टाइन तेव्हा डेन्व्हरला मार्टिन कंपनीत होता, स्पुटनिकवरून पेपरवाल्यांशी जरा जास्तच मोकळं बोलला आणि नोकरी गेली. मग काय, रिकामा माणूस, त्याने मॉडेल मिसाइल्स नावाची कंपनीच काढली, कार्लाइलच्या डिझाइनवर.

बाकीचं उद्या, पोराला स्विमिंगला सोडायचंय.

वैदर्भी

वाचतेय, मस्त चाललंय. इकडे भारतात हे का दिसत नाही याचं उत्तर मी देऊ शकते. काळी दारू भरलेली मोटर म्हणजे कायद्याच्या नजरेत स्फोटक, १८८४ चा एक्स्प्लोझिव्ह्ज अ‍ॅक्ट लागतो, आणि त्याचं मुख्य ऑफिस आमच्याच नागपुरात 😄 पुतण्याला सायन्स एक्झिबिशनसाठी असं रॉकेट करायचं होतं, चार ठिकाणी विचारून शेवटी कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरून सायकलच्या पंपाने हवा मारून उडवलं. पण खरं सांगू का, तेही भारी उडालं, जीजाजी पूर्ण भिजले.

अवांतर: थुंब्याहून आपलं पहिलं साउंडिंग रॉकेट (वरच्या हवेचा अभ्यास करणारं) गेलं ते १९६३ मध्ये, नायकी-अपाची, ते पण अमेरिकेहूनच आलेलं. म्हणजे इकडे मोठं रॉकेट आधी आलं आणि खेळण्यातलं अजून यायचंय.

फिनिक्सची मावशी

उडाणटप्पू, तुझ्या खोक्यात कोऱ्या मोटरी आहेत असं लिहिलंयस, ते वाचून मी चहा बाजूला ठेवला. त्या उडवू नकोस हो! जुन्या मोटरी तळघरात नाहीतर माळ्यावर थंडी-उन्हाळा खात पडल्या की आतली दाबून भरलेली दारू कागदाच्या कवचापासून सुटते नाहीतर तिला चीर जाते, मग पेटवल्यावर एकदम सगळी जळते आणि धडाम. इथले लोक त्याला केटो म्हणतात. माझ्या लेकाचं रॉकेट असं गेलंय, त्यानेच रंगवलेलं, पट्टे ओढलेलं, सळईवरच दोन तुकडे. त्या दिवशी तो जेवला नव्हता.

कोऱ्या मोटरी पाण्यात भिजत घाल, कागद आणि माती सगळं विरघळून लगदा होतो. वापरलेल्या रिकाम्या नळ्या मात्र ठेव, त्यांच्यावरचा छापच बघायचा असतो.

आणि तुझ्या गोष्टीत आमच्या फिनिक्सला विसरू नकोस. १९६१ मध्ये ली पीस्टर नावाच्या माणसाने बायकोला हाताशी धरून सेंचुरी कंपनी काढली. एस्टेसवाले बाल्साच्या साध्यासुध्या गोष्टी करायचे, तर सेंचुरीवाल्यांची डिझाइनं जरा नखरेल असायची. पुढे दोन्ही कंपन्या एकाच मोठ्या कंपनीने, डेमनने, विकत घेतल्या आणि ऐंशीच्या दशकात सेंचुरीचं नाव बंद केलं. म्हणजे आपल्याकडे मोठ्या जावेने धाकटीचा संसार आवरावा तसं.

पाना-पक्कड

मावशींना +१, मोटरींच्या बाबतीत हिरोगिरी नको.

मी गेली पंधरा वर्षं न्यू जर्सीत बसून हेच जुनं सामान गोळा करतोय (बायको याला रद्दी म्हणते, सगळ्यांच्याच बायका म्हणतात असं दिसतं). तेव्हा ओळखायच्या चार खुणा सांगून ठेवतो. सगळ्यात सोपी, मोटरीवरचा नंबर बघ. आता मोटरीवर ए८-३ असं असतं, म्हणजे ए हा एकूण जोराचा गट, १.२६ ते २.५ न्यूटन-सेकंद, प्रत्येक पुढचं अक्षर त्याच्या दुप्पट, मग ८ म्हणजे सरासरी ८ न्यूटन ढकल, आणि ३ म्हणजे दारू संपल्यावर पॅराशूट उडायच्या आधीचे सेकंद. पण साठच्या दशकातल्या मोटरींवर ए.८-३ असं मध्ये टिंब असतं, कारण तेव्हा हिशोब पौंडात होता, .८ पौंड. टिंब दिसलं की समजायचं ही मेट्रिकच्या आधीची आहे. पुष्कळ विकणाऱ्यांनाच हे माहीत नसतं, आपण गप राहायचं 😉

किटचं तसंच. तुझ्या ऑर्बिटल ट्रान्सपोर्टवर के-४२ आहे का १२४२? के असेल तर आधीचा, चार आकडी नंबर नंतर आला, सत्तरच्या दशकात. कॅटलॉगवर कंपनीच्या पत्त्यात झिप कोड नसेल तर तो १९६३ च्या आधीचा असायची शक्यता दाट, कारण झिप कोडच त्या वर्षी आला. पत्ता डेन्व्हरचा असेल तर मला लगेच खासगी निरोप कर, कारण एस्टेस १९६१ मध्येच कोलोरॅडोतल्याच पेनरोज गावाला गेली, त्याच्या आधीचा कागदाचा कपटा पण लोक सोडत नाहीत.

तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर: फोडू नकोस. अजिबात. न फोडलेलं किट एकदाच न फोडलेलं असतं.

उडाणटप्पू

के-४२ आहे! मोटरींवर मात्र टिंब फक्त दोघींवर, बाकीच्या नंतरच्या. कॅटलॉग सगळे पेनरोजचे, सॉरी पाना-पक्कडभाऊ.

मावशी, कोऱ्या मोटरी काल बादलीत टाकल्या, आता नुसता चिखल झालाय. टाकताना जीव तुटला जरा, पण पोराची बोटं जास्त महाग.

आता राहिलेली गोष्ट. स्टाइनची कंपनी निघाली, किट विकली जायला लागली, पण अडचण मोटरीची. कार्लाइलच्या ओळखीच्या फटाकेवाल्याकडून मोटरी यायच्या त्यांचा भरवसा नव्हता, वेळेवर येत नव्हत्या, म्हणून स्टाइन डेन्व्हरमध्येच दुसरा फटाकेवाला शोधायला लागला. त्यात सापडला व्हर्न एस्टेस, बापाचा फटाक्यांचा धंदा, स्वतः पोरगा तिशीच्या आतला. त्याने हाताने मोटरी भरत बसायच्या ऐवजी एक मशीन बनवलं, जानेवारी १९५९, आणि मशीनचं नाव ठेवलं मेबल. मेबलबाई दर साडेपाच सेकंदाला एक मोटर काढायच्या! खाली मातीचं नोझल, वर दारू, वर तो धुराचा थर, वर फट्ट करणारी दारू, शेवटी मातीचं बूच, सगळं एका कागदी नळीत दाबून दाबून. बोटाएवढी वस्तू, १८ मिलिमीटर जाड आणि ७० लांब, आजही त्याच मापाच्या मिळतात. आजची मोटर मी या १९७० च्या बर्थामध्ये घालून बघितली, गपकन बसली. मोबाइलचा चार्जर पाच वर्षांत बदलतो राव.

तर मेबल एवढ्या मोटरी काढायला लागली की स्टाइनला लागत होत्या त्याच्या कितीतरी जास्त. इकडे स्टाइनची कंपनी डबघाईला आली. मग व्हर्न आणि त्याची बायको ग्लेडा यांनी स्वतःच पोस्टाने मोटरी आणि १९६० पासून किटसुद्धा विकायला घेतली. पहिलं किट अ‍ॅस्ट्रॉन स्काउट, इतकं हलकं की पॅराशूट पण नाही, मोटर मागे सरकते, तोल जातो आणि ते गटांगळ्या खात खाली येतं. पुढे पेनरोजला शेताडीत जागा घेतली, कारण शहरात दारूचा कारखाना कोण ठेवून घेणार. १९६५ मध्ये त्यांनी रॉकेटवर बसणारा कॅमेरा काढला, कॅमरॉक, एका उड्डाणात एकच फोटो. मग १९७० मध्ये सिनेरॉक, त्यात चक्क सिनेमाची फिल्म. आता ड्रोन आहेत, पण तेव्हा अंगणातून आपल्याच घराचा छपरावरून फोटो म्हणजे काय वाटत असेल विचार करा. तो निम्म्या वेळा आकाशाचा यायचा किंवा नुसता धुरकट.

स्टाइन धंद्यात बुडाला पण नियम त्यानेच घातले, धातू वापरायचा नाही, मोटर घरी भरायची नाही, वातीने नाही तर लांबून विजेने पेटवायचं. त्याने काढलेली राष्ट्रीय संघटना अजून चालू आहे, पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९ मध्ये इथेच डेन्व्हरजवळ झाली होती. माझ्या घरापासून फार लांब नसावी ती जागा, आणि मी तेरा वर्षं इथे राहून मला पत्ता नव्हता.

बाणेरकर

माघार. बाणाशी तुलना मागे घेतो. वहीत काय आहे ते पण सांगा की, मला तर तीच जास्त इंटरेस्टिंग वाटतेय.

उडाणटप्पू

वही ही खरंच वेगळीच चीज आहे. पेन्सिलीने आखलेले रकाने, तारीख, रॉकेट, मोटर, वारा, आणि शेवटी शेरा. मी मोजली, ६१ उड्डाणं, १९७० च्या उन्हाळ्यापासून १९७३ पर्यंत. शेरे एकेक शब्दाचे, 'छान', 'पॅराशूट चिकटलं', 'छान', 'झाडात', 'शिडी घेऊन काढलं', 'हरवलं'. हरवलं नऊ वेळा आहे. बर्था एकटी १९ वेळा उडलीय! बर्था जाडजूड आणि दोन फूट लांब, हळू चढते, त्यामुळे डोळ्यांनी नीट दिसते, म्हणून पोरांची लाडकी. एके ठिकाणी तिच्यापुढे लिहिलंय 'रस्त्यावर पडली, फिन तुटली', आणि तीन आठवड्यांनी परत 'छान'.

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात घोळतंय की ज्या गोष्टींना आज भाव आहे त्या त्याच, ज्या कोणी उडवल्याच नाहीत. ती हरवलेली नऊ, त्यांचं काय, ती तर गेली मक्यात सडून. आणि या पोराला त्यातच मजा आली असणार.

पाना-पक्कड

भावनिक होऊ नका. अहो मधला मार्ग आहे ना! किट हात न लावता ठेवा, आणि क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, बांधा. जुन्या किटचे प्लॅन, पंखांचे साचे, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं), सगळ्याचे स्कॅन लोकांनी नेटवर टाकलेत. बाल्साचा शीट घ्यायचा, नळी योग्य मापाची आजही मिळते, पोराला काय फरक पडतो पिशवी कुठली होती त्याने. ऑर्बिटल ट्रान्सपोर्ट बांधायला मात्र दम लागतो. मोठं यान, त्याच्या अंगाशी एक छोटं ग्लायडर, वर गेल्यावर ते सुटतं आणि तरंगत येतं. पंखच पंख, पॉलिश पेपर घासून घासून हाताची सालं निघतात.

आणि डिकल पिवळं पडलं असेल तर घाबरू नका, काचेच्या खिडकीला आतून उन्हात चिकटवून ठेवा, आठवडाभरात पिवळेपणा उतरतो. लावायच्या आधी क्लिअर लॅकर मारा, नाहीतर पाण्यात टाकल्या टाकल्या तुकडे होतात. हे मी एक अख्खा सॅटर्न फाइव्हचा शीट घालवून शिकलोय. आणि ऑनलाइन लिलावात 'सीलबंद' वाचून पैसे टाकू नका. मी एकदा टाकले, पार्सल आलं, आत नाकाच्या जागी दुसऱ्याच किटचं नाक! विकणारा म्हणे मला तसंच मिळालं. स्टेपलची भोकं मोजा. एका स्टेपलला दोनच भोकं पाहिजेत.

फिनिक्सची मावशी

रबराचा शॉक कॉर्ड (नाक आणि धड जोडून ठेवणारा दोरा) बदल रे बर्थाचा. जुनं रबर गुळासारखं चिकट होतं नाहीतर तुटतं, मग नाक एकीकडे आणि धड एकीकडे. आणि पॅराशूट जुनं असेल तर घडी घालताना टाल्कम पावडर लाव, आमच्याकडे बेबी पावडरचा डबा रॉकेटच्याच पेटीत असतो, बाळ कॉलेजात गेलं तरी.

उडाणटप्पू

अपडेट.

पाना-पक्कड म्हणाले म्हणून रात्री भिंग घेऊन स्टेपल बघितले. दोन स्टेपल, आणि भोकं किती, बारा. म्हणजे पिशवी आधी उघडून परत बंद केलेली. बायको म्हणाली झालं, गेला सोफा.

मग उघडलीच. सूचनांचा कागद आहे, डिकल आहे (पिवळं), नळ्या आहेत, नाक आहे. बाल्साच्या शीटवर मात्र एका कोपऱ्यातून मोठा तुकडा कापून नेलेला, कडा ब्लेडने हळूहळू कापलेली, पट्टी न लावता. मुलाने तो कोपरा उचलला, बर्थाच्या त्या वेगळ्या दिसणाऱ्या फिनशेजारी धरला, आणि काळा रंग जिथे खरवडला गेलाय तिथे लाकडाच्या रेघा जुळल्या. वहीवाल्या पोराने बर्थाची फिन करायला नव्या किटचा शीट कापला होता! आणि पिशवी परत स्टेपल करून ठेवली, बहुतेक आईला कळू नये म्हणून, नाहीतर नवा शीट आणून नंतर बांधू म्हणून.

मग आता प्रश्नच मिटला. दोन बाल्साचे शीट मागवलेत, मूळ शीट साचा म्हणून वापरणार. डिकल खिडकीला लावलंय, शेजारी विचारून गेला हे काय.

पाना-पक्कड

बारा भोकं! म्हणजे एकदा नाही, दोनदा उघडलीय. फिन बसली नसणार पहिल्यांदा.

असो. कापलेला मूळ शीट टाकू नका, वहीत ठेवा.

बाणेरकर

उडवाल तेव्हा व्हिडिओ टाका.

उडाणटप्पू

टाकतो. आधी बर्था उडवणार, रविवारी वारा कमी आहे. मुलाने वहीत पुढची ओळ आखून ठेवलीय, क्रमांक ६२, शेऱ्याचा रकाना रिकामा.